पाण्यांत पाहणें

मराठी मुलखाला एवढा लांब समुद्रकिनारा लाभलेला असूनहि आपल्या भाषेचें पाण्याविषयींचें मत कांहीं चांगलें नाहीं, असें मला पुष्कळ दिवसांपासून वाटत आलें आहे. एखाद्याचा आपण पराभव केला म्हणजे त्याला ‘पाणी पाजतों’. पैसे बुडाले म्हणजे ते ‘पाण्यांत जातात’. शेजारचा गृहस्थ कावेबाज निघाला म्हणजे तो ‘खोल पाण्यांतला मासा’ ठरतो. आणि एखाद्याचा द्वेष आपल्या मनांत इतका भरला कीं त्याचें नांवहि सोसवेनासें झालें, म्हणजे आपण त्याला ‘पाण्यांत पाहूं’ लागतों. पाण्यांत पाहण्याची क्रिया मीं प्रत्यक्ष करून पाहिली आहे, आणि तिच्यांत द्वेषाला कोठें जागा आहे हें मला अद्यापि सांपडलेलें नाहीं. ज्यानें हा वाक्प्रचार प्रथम वापरला त्यानें पाण्यांत पाहिलें असेलच तर तें काठावर उभें राहून, वरून, पाहिलें असावें. वरून पाहणाऱ्याला पाण्यांत बहुधा स्वतःचेंच तोंड दिसतें, आणि तें पाहून राग येण्याचा संभव आहे खरा.

नागपुरासारख्या गांवांत राहणाऱ्या माणसाला ही हौस शोभत नाहीं, हेंहि मला कबूल आहे. देशाचा मध्य म्हणून दाखविला जाणारा झिरो माइलचा दगड आमच्या गांवांत उभा आहे; त्या दगडापासून वाटेल त्या दिशेला निघा, समुद्र गांठावयास दिवस मोडावा लागतो. पाणी म्हणजे आमच्या दृष्टीनें अंबाझरी, फुटाळा, फार तर गोरेवाडा. माझे सहाध्यापक सुटी लागली कीं ताडोब्याच्या रानांत वाघ पाहावयास जातात, आणि परत आल्यावर गवतांत अदृश्य होत असलेल्या एका पिवळ्या शेपटीचें चित्र सर्वांना दाखवितात. मी मात्र गेले तीन हिवाळे हजार किलोमीटर प्रवास करून मालवणला जात आहें. याला कारणें दोन. पहिलें, माझी आई मालवणची. लग्न होऊन ती नागपुरास आली त्याला आतां साठ वर्षें होऊन गेलीं. दुसरें कारण असें कीं, मी पदार्थविज्ञानाचा अध्यापक आहें. हवेंतून पाण्यांत शिरणारा प्रकाशकिरण कसा वांकतो याची आकृति मीं तीस वर्षें फळ्यावर काढली. एक आडवी रेघ, तिच्या वर हवा, खालीं पाणी. इतकीं वर्षें ती आकृति काढल्यावर एकदां त्या आडव्या रेघेच्या खालीं जाऊन पाहावें असें कोणालाहि वाटेल.

पूर्वीं ही हौस फार थोड्यांच्या आवांक्यांतली होती. १८९३ सालीं लुई बुताँ नांवाच्या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानें फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर बान्यूल्स येथें पाण्याखालीं छायाचित्रें घेतलीं. त्याची पेटी पाण्यांत सोडावयास माणसें लागत, आणि एकेका चित्राला अर्धा अर्धा तास प्रकाश द्यावा लागे. एवढा वेळ कोणता मासा बसून राहणार! पुढें १९४३ मध्यें कूस्तो व गान्यां या दोघांनीं बुडी मारणाऱ्याला पाहिजे तेव्हां, पाहिजे त्या दाबानें हवा देणारी झडप सिद्ध केली, आणि माणूस माशाप्रमाणें मोकळा फिरूं लागला. याच कूस्तोनें लुई माल याच्या सहकार्यानें केलेल्या समुद्राखालच्या बोलपटाला १९५६ सालीं कान येथील महोत्सवांत सर्वश्रेष्ठ पारितोषिक मिळालें. तो बोलपट आज पाहतांना मन बेचैन होतें. कारण त्यांत सुरुंग लावून मासे मारले आहेत आणि शार्क माशांची चक्क कत्तल केली आहे. समुद्राच्या इतक्या मोठ्या प्रेमिकानेंहि तेव्हां शार्कला आपल्या मराठी अर्थानेंच पाण्यांत पाहिलें, असें म्हणावें लागतें.

आतां माझ्यासारख्या मास्तराच्या खिशांत मावेल असा डिजिटल कॅमेरा मिळतो. आकार साबणाच्या दोन वड्यांएवढा. पंधरा मीटर खोलीपर्यंत पाण्यानें कांहीं होणार नाहीं असें त्याचे कर्ते सांगतात. आणि दर सेकंदाला तीस चित्रें या वेगानें तो जें समोर येईल तें टिपून घेतो. त्याची सारी भिस्त एका रबराच्या कड्यावर. पाणी दहा मीटर खोल गेलें कीं त्याचा दाब हवेच्या दाबाएवढ्यानें वाढतो, म्हणजे एकंदर दाब दुप्पट होतो. तो सारा दाब त्या शेवईएवढ्या कड्यानें अडवावयाचा. कड्यावर वाळूचा एक कण किंवा डोक्याचा एक केंस राहिला, तर तेवढ्या वाटेनें समुद्र आंत येतो. म्हणून प्रत्येक बुडीच्या आदल्या रात्रीं मी दिव्याखालीं बसून तें कडें पुसतों, बोटानें चाचपतों, त्याला तेलाचा पुसट हात देतों. सोवळ्यांतल्या स्वयंपाकासहि माझ्या आजीनें इतकी दक्षता घेतली नसेल. माझ्या डोक्यावरील केंस कमी झाले आहेत याचें मला आयुष्यांत पहिल्यांदां समाधान वाटलें तें या कामीं.

समुद्राला जाण्यापूर्वीं मीं नागपुरांतच कॅमेऱ्याची परीक्षा घेतली. आमच्या अंगणांत सिमेंटचा हौद आहे. त्यांत कोणती वस्तु ठेवून चित्र घ्यावें असा प्रश्न पडला, आणि नागपूरकराला अशा वेळीं जी वस्तु सुचेल तीच मला सुचली. संत्र्याचा रंग सर्वांच्या ओळखीचा. त्यांत फरक पडला तर तो चटकन ध्यानांत येईल. परंतु सालीसकट संत्रें पाण्यांत बुडत नाहीं, तरंगतें; सोललेलें मात्र तळाला जातें. सालीच्या आंतील हवेचा हा प्रताप. अखेर जाळीच्या पिशवींत संत्र्याबरोबर एक शिशाचें वजन घालून मीं तें हौदाच्या तळाशीं बसविलें. शेजाऱ्यांनीं गच्चीवरून हा विधि पाहिला. कोणी कांहीं विचारलें नाहीं. प्राध्यापकाच्या घरीं राहावयाचा हा एक फायदा आहे.

तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानें बुडी शिकविणारी एक संस्था चालविली आहे. पन्नाशी उलटलेल्या विद्यार्थ्याला तेथें वैद्याचा दाखला आणावा लागतो. तो आणून मीं प्राथमिक धडे घेतले. पहिलाच धडा आमच्या परंपरेच्या अगदीं उलट निघाला. प्राणायामांत कुंभकाचें महत्त्व मोठें. पाण्याखालीं कुंभक हें महापाप. खोलावर घेतलेला श्वास छातींत कोंडून माणूस वर आला, तर दाब कमी होतांच ती हवा फुगते आणि फुप्फुस फाटतें. बॉइलचा नियम मीं वर्गांत किती वेळां सांगितला असेल. परंतु तो आपल्या बरगड्यांच्या आंत लागू आहे हें तेथें प्रथम अंगावर आलें. म्हणून श्वास चालूच ठेवावयाचा. आणि येथेंच चित्रण करणाराची अडचण सुरू होते. कारण श्वास घेतला कीं शरीर तसूभर वर उचललें जातें, सोडला कीं खालीं उतरतें, व हातांतील कॅमेरा त्याच्याबरोबर हेलकावे खातो. ज्यानें कोणीं पाण्याखालीं चित्रण केलें आहे त्याच्या चित्रांत त्याचा श्वास उमटलेला असतो. माझ्या पहिल्या दिवसाच्या चित्रांवरून मी केव्हां घाबरलों होतों तें आजहि अचूक सांगतां येतें.

हळू हळू कांहीं गोष्टी अंगवळणी पडल्या. कॅमेरा रोखल्यावर निदान दहा सेकंद हात हलवावयाचा नाहीं. दुरून भिंग लांबवून मासा जवळ ओढावयाचा नाहीं. आपणच जवळ जावयाचें, कारण आपल्यांत आणि माशांत जितकें पाणी कमी तितकें चित्र स्वच्छ. वरून खालीं पाहून चित्र घ्यावयाचें नाहीं. माशाच्या पातळीवर उतरून, शक्य तर किंचित खालून, घ्यावयाचें. दिवा लावला तर तो बाजूला, हातभर दूर धरावयाचा, नाहीं तर पाण्यांतला गाळाचा कण न् कण उजळून हिमवर्षाव झाल्यासारखें दिसतें. डोळ्यांवरच्या सपाट कांचेंतून प्रत्येक वस्तु पाऊण अंतरावर दिसते, आणि सासूच्या तोंडून ऐकलेल्या जांवयाच्या पगाराप्रमाणें प्रत्येक मासा एक-तृतीयांशानें मोठा भासतो. हात पुढें केला कीं तो नेमका अपुरा पडतो. वक्रीभवनाचा हा प्रत्यक्ष पाठ.

मालवणचा समुद्र हा कांहीं लक्षद्वीपचा समुद्र नव्हे. शिवाजी महाराजांनीं १६६४ सालीं ज्याच्या बांधणीला आरंभ केला तो सिंधुदुर्ग समोर उभा. त्याच्या आसपासचे खडक व पाणी मिळून सुमारें २९ चौरस किलोमीटरांचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळ आहे, मासेहि आहेत. परंतु कर्लीसारख्या नद्यांनीं पावसाळ्यांत आणून टाकलेला गाळ तळाशीं असतो, आणि लाट जरा जोरांत आली कीं तो उठतो. चांगल्या दिवशीं सात-आठ हात लांबचें दिसावें. वाईट दिवशीं स्वतःच्या हाताचीं बोटें मोजून घ्यावींत. पाण्याचा रंग निळा नाहीं, हिरवा. पोफळीच्या बागेंत संध्याकाळीं जो उजेड असतो, साधारण तसा.

तेथें जाणाऱ्या प्रवाशांना बुडीबरोबर स्वतःचें चित्रणहि करून देतात, आणि तीं चित्रणें मीं पुष्कळांच्या घरीं पाहिलीं आहेत. सर्व एकसारखीं. मध्यभागीं पाहुणे, डोळ्यांवर कांच, तोंडांत नळी, दोन्ही अंगठे वर. सभोंवार पिवळ्या पाठीवर काळे पट्टे असलेल्या माशांचा घोळका. हा घोळका पाहुण्यांच्या दर्शनासाठीं जमलेला नसतो. वाटाड्याच्या मुठींत पावाचा तुकडा असतो. मला त्या वाटाड्यांचा राग नाहीं. पाहुणे दोन घटकांसाठीं येतात, पैसे मोजतात, त्यांना मासे दिसलेच पाहिजेत. परंतु मला जें हवें होतें तें पावाच्या तुकड्यावर मिळण्यासारखें नव्हतें. माझ्या आईनें ज्या समुद्राच्या कांठीं बालपण घालविलें, ओहोटीच्या वेळीं ज्याच्या खडपांवर चिकटलेलीं कालवें फोडलीं, त्याच्या आंत तिनें कधींच डोकें घातलेलें नाहीं. त्या काळच्या मुली पोहत नसत. आतां ती ऐंशी ओलांडून गेली. गुडघे काम देत नाहींत. मालवणपर्यंतचा प्रवास तिच्यानें होणें नाहीं. तिला तो समुद्र आंतून दाखवावयाचा, एवढाच माझा हेतु होता.

दुसऱ्या हिवाळ्यांत मीं संत्रें बरोबर नेलें. आंबिया बहराचीं संत्रीं डिसेंबरांत बाजारांत असतातच. जाळी, वजन, संत्रें अशी ती दिंडी घेऊन मी उतरलों. एक मीटरवर तें घरच्यासारखें होतें. तीन मीटरांवर त्याचें तेज गेलें. सहा मीटरांवर खडकावर ठेवून पाहिलें, तों संत्र्याचा रंग कोठें नाहींसाच झाला होता. मातकट, हिरवट पिवळें असें एक फळ माझ्यासमोर होतें. कारण सोपें आहे. पाणी तांबडा प्रकाश खातें. अगदीं शुद्ध पाण्यांतूनहि पांच मीटर प्रवास केल्यावर गडद तांबड्या प्रकाशाचा सुमारें विसावा हिस्साच शिल्लक राहतो. निळ्याला मात्र तेवढ्यानें धक्काहि लागत नाहीं. मालवणच्या गढूळ पाण्यांत निळाहि अडतो आणि हिरवा तेवढा उरतो. शिवाय हा हिशेब केवळ खोलीचा नाहीं: सूर्यापासून संत्र्यापर्यंतचें पाणी, अधिक संत्र्यापासून भिंगापर्यंतचें पाणी, अशी बेरीज करावी लागते.

समुद्राच्या रंगाचा हा प्रश्न ज्या थोर माणसानें सोडविला त्याचा नागपुराशीं थोडासा संबंध आहे, हें आमच्या गांवांत फारसें कोणाला ठाऊक नसतें. चंद्रशेखर वेंकट रामन् हे १९१० सालीं सरकारी हिशेबखात्यांतील अधिकारी म्हणून कांहीं काळ नागपुरांत होते. पुढें १९२१ सालीं विलायतेहून परत येतांना ‘नारकुंडा’ बोटीच्या कठड्यापाशीं उभे राहून त्यांनीं निकोलच्या लोलकांतून समुद्राकडे पाहिलें. लोलकामुळें पृष्ठभागावरचें आकाशाचें प्रतिबिंब पुसलें गेलें, आणि निळा रंग तर अधिकच खुलला. समुद्र निळा दिसतो तो केवळ आकाशाच्या प्रतिबिंबामुळें, हें लॉर्ड रॅले यांचें मत त्यामुळें टिकेना. बोट मुंबई बंदरांत लागतांच त्यांनीं याविषयींचा लेख धाडून दिला. पाण्यांत पाहण्याच्या कृत्याला एवढें मोठें फळ दुसऱ्या कोणाला मिळालें असेल असें मला वाटत नाहीं. रामन् यांनीं वरूनच पाहिलें. पण प्रतिबिंब दूर सारून पाहिलें.

असो. तीन हिवाळ्यांत मिळून माझ्याजवळ तीन तासांचें चित्रण जमलें. म्हणजे सव्वातीन लाखांच्या आसपास चित्रें. तीं निवडून, तोडून, जोडून एक पाहण्याजोगी गोष्ट करावयाची, याला संकलन म्हणतात. हें काम मीं यंदाच्या मे महिन्यांत केलें. बाहेर पंचेचाळीस अंशांचें ऊन, खिडकींत कूलर घरघरतो आहे, खोलींत ओल्या वाळ्याचा वास, आणि समोरच्या पडद्यावर मालवणचा थंड हिरवा समुद्र. प्रथम माझ्या पुतण्यानें हें काम उत्साहानें अंगावर घेतलें. त्याचा हात सफाईचा आहे. एका दुपारींत त्यानें तीन तासांचे दीड मिनिट करून दिलें. त्या दीड मिनिटांत चौदा जातींचे मासे, एक शेवंड, मागें ढोल आणि बांसरी. मीं म्हटलें, “बाबा रे, या चौदा माशांना गांठावयास मला तीन वर्षें लागलीं.” तो म्हणाला, “काका, दर तीन सेकंदांनीं चित्र बदललें नाहीं तर माणसें पुढें सरकतात.” त्याचें म्हणणें खोटें नाहीं. परंतु त्याच्या त्या चित्रपटांत मालवणचा समुद्र मंगळवारच्या बाजारासारखा गजबजलेला होता. प्रत्यक्षांत तो तसा नाहीं. तेथें पुष्कळ वेळ कांहींच नसतें. हिरव्या उजेडांत गाळाचे कण इकडून तिकडे तरंगत असतात, आपल्या श्वासाचे बुडबुडे वर जातात, आणि मग केव्हां तरी एखादा गोबरा खडकाखालून तोंड काढून पाहतो.

वेळ आंखडून दाखविण्याला माझा विरोध नाहीं. दादासाहेब फाळक्यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वीं कुंडींतल्या बीजाला अंकुर फुटून त्याची वाढ होते हें थोडें थोडें चित्रण करून अल्पावकाशांत दाखविलें होतें. तें पाहून फसवणूक झाली असें कोणाला वाटलें नसेल; कारण रोप किती सावकाश वाढतें हें प्रत्येकानें आपल्या परसांत पाहिलेलें असतें. समुद्राच्या आंत मात्र किती पाहुण्यांनीं पाहिलेलें असतें? तेथें जें आपण दाखवूं तेंच त्यांना खरें वाटणार. म्हणून मीं पुतण्याची क्षमा मागून काम पुन्हां हातीं घेतलें, आणि अकरा मिनिटांची एक प्रत तयार केली. तींत चाळीस सेकंदांचा एक तुकडा असा आहे कीं त्यांत एकतिसाव्या सेकंदापर्यंत केवळ पाणी आहे. ढोल काढून टाकिला. पाण्याखालीं कॅमेऱ्याला ऐकूं येतात ते दोनच आवाज, श्वास आणि दूर कोठें चाललेलें होडीचें इंजिन. ते राहूं दिले.

खरा पेंच पडला तो रंगांत. हल्लींच्या संकलनाच्या साधनांत गेलेला रंग परत आणण्याची सोय असते. तांबड्याचें प्रमाण वाढवीत न्यावयाचें. कांहीं मर्यादेपर्यंत हें जमतें. परंतु जेथें तांबडा प्रकाश मुळांत पोंचलाच नाहीं तेथून तो आणणार कोठून? रिकाम्या जात्यांतून पीठ पडत नाहीं, घरघर तेवढी निघते. तसे मग चित्रावर तांबडे ठिपके वळवळूं लागतात. ही दुरुस्ती आपोआप व्हावी म्हणून यंत्र आपल्याला एक प्रश्न विचारतें: या चित्रांत खरोखर पांढरी अशी वस्तु कोणती, तिच्यावर बोट ठेवा. ती एकदां दाखविली कीं बाकीच्या सर्वांचे रंग त्या बेतानें लागतात. बुडणारे लोक यासाठीं पांढरी पाटी बरोबर नेतात. मीहि नेत असें. परंतु पाटीवर लावलेला बेत त्या खोलीपुरता. दोन हात वर गेलें, ऊन ढगाआड गेलें, कीं तो जुळत नाहीं. त्यामुळें चित्रांतच पांढरें कांहीं सांपडतें का हें पाहावें लागतें. तळाची वाळू करडी. माशांचीं पोटें चकचकीत, तीं उपयोगाचीं नाहींत. शोधतां शोधतां एका खडकाच्या कडेला परातीएवढा एक प्रवाळ दिसला. स्वच्छ पांढरा. मीं त्याच्यावर बोट ठेविलें, आणि क्षणांत सारें चित्र उजळलें: मासे पिवळे झाले, खडकावरील शेवाळ जांभळें झालें, पाणी तर आरस्पानी निळें झालें.

तो प्रवाळ पांढरा असावयास नको होता. प्रवाळ म्हणजे खरोखर लहान लहान प्राण्यांची वसाहत. त्यांच्या शरीरांत सूक्ष्म शेवाळ राहतें. तें उन्हावर अन्न तयार करतें, धन्याला त्यांतला वांटा देतें, आणि धन्याचा तपकिरी, हिरवट रंगहि बराचसा त्याच्यामुळेंच. समुद्राचें पाणी नेहमींच्या उन्हाळ्यापेक्षां अंशभर जरी अधिक तापलें आणि आठवड्यांमागून आठवडे तसेंच राहिलें, तर हा संसार मोडतो. शेवाळ बाहेर टाकलें जातें, आणि पारदर्शक कातडीखालून चुन्याचा सांगाडा दिसूं लागतो. तें मरण नव्हे; पाणी लौकर निवलें तर शेवाळ परततें. न निवलें तर उपासमार. २०१४ ते २०१७ या वर्षांत जगांतल्या बहुतेक समुद्रांतून ही साथ गेली. २०२३ पासून पुन्हां तशीच मोठी साथ आली. मालवणच्या प्रवाळांतहि हा विकार शास्त्रज्ञांनीं नोंदलेला आहे. मूळच्या हिरव्या चित्रांत हा पांढरेपणा मला दिसलाहि नव्हता. इतरांसारखा तोहि हिरवाच होता. रंग दुरुस्त केल्यावर तो उघड झाला. म्हणजे दुरुस्ती खोटी म्हणावी, तर तिनें एक खरी गोष्ट दाखविली. खरी म्हणावी, तर माझ्या चित्रांतील प्रत्येक माशाचा पिवळा, जांभळा, निळा रंग एका उपाशी जिवाच्या उघड्या पडलेल्या हाडांवरून बेतलेला आहे.

ती निळी प्रत मीं एका रविवारीं घरच्या मंडळींना दाखविली. सर्वांना आवडली. माझी विहीण त्या प्रवाळापाशीं म्हणाली, “अगबाई, केवढें मोठें पांढरें फूल!” मीं खुलासा केला, पण तोंवर चित्र पुढें गेलें होतें, आणि चित्रपट चालू असतांना केलेले खुलासे कोण ऐकतो? आई शेवटपर्यंत बोलली नाहीं. तिच्या दोन्ही डोळ्यांतील मोतीबिंदू काढलेले आहेत, तेव्हां तिला निळा रंग नीट दिसत नसेल असें म्हणण्याचीहि सोय नव्हती. दिवे लागल्यावर ती म्हणाली, “चांगलें आहे. पण हें पाणी कुठलें?”

“मालवणचें. किल्ल्याच्या पलीकडचें.”

“नव्हे रे. आमचें पाणी असें नाहीं. तें हिरवें असतें. श्रावणांत तर चहासारखें.” मग थोड्या वेळानें, “श्वास मात्र तुझाच आहे. लहानपणीं दमा होता, तेव्हां असाच वाजायचा.”

तेव्हां मीं दुसरी प्रत केली. तींत रंगाला हात लावला नाहीं. पाणी पोफळीच्या बागेसारखें हिरवें. मासे जवळ येईपर्यंत मासे कीं सावल्या हें कळत नाहीं. पांढरा प्रवाळ कोणता आणि चांगला कोणता हें ओळखतां येत नाहीं. तेथें मीं पडद्याच्या खालीं एक ओळ लिहिली: हा प्रवाळ पांढरा पडला आहे. निळी प्रत पुतण्यानें आपल्या मित्रांना पाठविली. तींतहि तीच ओळ घालावयास लावली. ती घालण्यास तो नाखूष होता, कारण अक्षरें आलीं कीं चित्राची शोभा जाते. पण ऐकलें त्यानें.

हिरवी प्रत आईनें दुपारीं, एकटीनें, माझ्याबरोबर पाहिली. कूलर बंद करावयास सांगितला, कारण त्याच्या घरघरीनें पाण्याचा आवाज ऐकूं येईना. खडक दिसला कीं ती चित्र थांबवावयास सांगे आणि हा कोणत्या बाजूचा, ओहोटीला उघडा पडतो कीं नाहीं, असें विचारी. यांतल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें मला देतां आलीं. मग संत्र्याचा तुकडा आला. सहा मीटरांवर, खडकावर ठेवलेलें तें फळ, शिशाचें वजन, जाळी. आईनें चष्मा सांवरला आणि पडद्याजवळ तोंड नेलें.

“अरे,” ती म्हणाली, “हें लिंबू कशाला नेलेंस पाण्यांत?”